वार्निश लावलेल्या भाकरी

आमच्या पेठेच्या चौकात सध्या एक भाकरी उभी आहे. फायबरची, बैलगाडीच्या चाकाएवढी, आणि अंधार पडला की तिच्या कडेनं निळे दिवे लागतात. ज्यांनी ती बसवली त्यांच्या मते ती सोलापूरची कडक भाकरी आहे. मला तो पापड वाटतो, समोरच्या किराणा दुकानदाराला पिझ्झा वाटतो, आणि पेठेतली कुत्री दुपारभर तिच्या सावलीत झोपतात, त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही. भाकरीशेजारी कारंजं आहे. ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की बायका तव्यावरचं टाकून घागरी लावायला धावतात, त्या गावात कारंजं बसवायला छाती लागते. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं. तेव्हापासून लोक त्यात चहाचे कागदी कप टाकतात.

या सगळ्याला जुन्या पेठेचं पुनरुज्जीवन म्हणतात. पेठ मेली होती हे आम्हाला तसा फलक लागल्यावर कळलं. त्याआधी आम्ही तिथं भाजी घेत होतो, दळण आणत होतो, भांडत होतो. मग पुण्याहून एक सल्लागार आले. तागाची पिशवी, गोल चष्मा आणि दर वाक्याला ‘अनुभव’ हा शब्द. त्यांनी ठरवलं की सगळी दुकानं गेरूच्या रंगाची हवीत आणि सगळ्या पाट्या एकाच वळणाच्या लाकडी अक्षरांत हव्यात. तसं झालं, आणि आता माणसं रक्तदाबाच्या गोळ्या मागायला चपलांच्या दुकानात शिरतात. गटारीवर गुळगुळीत फरशी बसवली, ती उचलायची सोय मात्र राहून गेली. पाऊस झाला की गटारीचं पाणी दुकानातून वर येतं. हे मी सल्लागारांना सांगितलं, तर म्हणाले, “सुरुवातीला थोडा त्रास होणारच, मॅडम.” त्रास त्यांना होणार नव्हता, ते पुण्याला राहतात.

मी याच पेठेत जन्मले. जवळच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि लग्न होऊन गेले तीही हाकेच्या अंतरावर. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. माझा नवरा म्हणतो, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा उन्हात उभं राहिलेलं बरं, आणि हे तो सोलापूरच्या उन्हाबद्दल म्हणतो. तेव्हा कारंज्यावर आणि फायबरवर तोंडसुख घेऊन मी गप्प बसले असते. पण या पुनरुज्जीवनानं माझ्या वडिलांच्या तोंडचा घास काढला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पेठेत अक्काची खानावळ होती. तिला पाटी नव्हती, लागलीही नाही कधी. अक्का अक्कलकोटकडची, बोलणं अर्धं कानडी. नवरा गेल्यावर गिरणीतल्या माणसांना जेवू घालून तिनं संसार ओढला. गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, तरी एकटे पडलेले म्हातारे आणि बदलीवर आलेले कारकून तिचे मेंबर होत राहिले. भिंतीकडे तोंड करून बसायचे लांब बाक, समोर स्टीलचं ताट, ताटात भरलं वांगं, शेंगाची चटणी, वरण आणि ज्वारीची भाकरी. किती भाकरी हव्यात हे विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती. तुम्ही ताटावर आडवा हात धरेपर्यंत ती वाढत राहायची, आणि हात लवकर धरलात तर शिव्या घालायची. “कोंबडीगत काय टिपतोस, जेव की.” हे ती पोरांनाही म्हणायची आणि सत्तरीच्या माणसांनाही.

आई गेल्यापासून माझे वडील अक्काचे मेंबर होते. ते मूळचे नातेपुत्याकडचे, शेतकरी घरातले. तरुणपणी सोलापुरात आले आणि एका गिरणीच्या कापड गोदामात कारकून झाले. गिरणी गेली तरी त्यांची इस्त्रीची पँट आणि खिशातलं पेन गेलं नाही. पेठेतल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत आणि दोन्ही वेळा अक्काकडे जेवत. मी, त्यांची एकुलती एक लेक, दोन गल्ल्या पलीकडे राहत होते, आणि माझ्या घरी ते जेवत नव्हते.

कारण रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. पूर्वी घरोघर ती पाळत, आता बहुतेकांनी सोडून दिली आहे, पण आमच्या आप्पांनी ती खिशातल्या पेनासारखी जपली. मला मूल झालं नाही. म्हणजे माझ्या बाबतीत या रितीला शेवटच नव्हता. आप्पा माझ्याकडे येत, पंख्याखाली बसत, पेपर वाचत, माझ्या नवऱ्याशी उजनी धरणातल्या पाण्यावर चर्चा करत, आणि माझ्या आमटीला फोडणी बसली की उठून अक्काकडे जेवायला जात. पाणी पीत, तेवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. लग्नानंतरची काही वर्षं मी यावरून रडले, मग काही वर्षं भांडले, आणि शेवटी टोमणे मारण्यावर आले.

“आप्पा, आमटीचा वास घेतलेला चालतो का?” मी विचारायची.

“चालतंय की,” ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे. “वासाला कोन बंदी करतंय.”

बाहेरच्यांना याची मोठी गंमत वाटायची. मला वाटत नव्हती. तुमच्या घरी येणारा माणूस तुमच्या हातचं घेत नाही आणि त्याचं कारण तुमची कूस आहे, हे दर दुपारी नव्यानं कळत राहतं. त्याला कोणी परंपरा म्हणो, मी त्याला अपमान म्हणायचे.

पुनरुज्जीवनाला एक जेवणाची जागा हवी होती. सल्लागारांना अक्काची खानावळ सापडली, म्हणजे वास आला म्हणून ते आत गेले आणि पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी ते फीत घेऊन भिंती मोजायला आले. अक्कानं त्यांना हाकललं असतं, पण तिचा मुलगा मध्ये पडला. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आयुष्यात त्यानं कधी परातीला हात लावला नव्हता. पण आपल्या आईची खानावळ हा शहराचा ठेवा आहे असं पुण्याच्या माणसानं सांगितल्यावर तो रातोरात ठेव्याचा मालक झाला. जागा त्याच्याच नावावर होती.

बाक गेले, कोरीव खुर्च्या आल्या. हात धुवायची मोरी होती तिथं एक मोडका हातमाग आणून ठेवला, कारण पाहुण्यांना विणकरांचं शहर दिसायला हवं. हात कुठं धुवायचे हे कुणाला सुचलं नाही. छताला कंदील टांगले, आणि भिंतीवर लावायला त्यांना एक म्हातारा हवा होता. त्यांची नजर माझ्या वडिलांवर पडली.

आप्पांनी आपल्या लग्नात आणि माझ्या लग्नात, असा दोनदाच फेटा बांधला होता. सल्लागारांनी त्यांना भगवा फेटा बांधला, कुठून तरी आणलेलं धोतर नेसवलं, पेन काढून घेतलं आणि चुलीपुढं बसवलं. अक्का कित्येक वर्षं गॅसवर स्वयंपाक करत होती, म्हणून चूलही नवी मांडावी लागली. फोटो काढला. तो माणसाच्या उंचीचा करून दाराशेजारी लावला, खाली मजकूर: मातीशी नातं सांगणारी चव. आप्पांचं मातीशी असलेलं नातं त्यांनी विसाव्या वर्षीच तोडलं होतं. त्यांना शेती आवडत नसे, आणि हे ते कुणालाही सांगत. पण फोटो बघून खूश झाले. मला दाखवायला घेऊन गेले.

“बरा आलाय न्हाय?” त्यांनी विचारलं.

“कोण आहे हा?” मी म्हणाले.

उद्घाटनाला मी गेले होते. दारात एक मोठी टोपली होती आणि तीत कडक भाकरींची चळत. शोभेची. मुंग्या लागू नयेत, चमक यावी, म्हणून सल्लागारांनी त्या भाकरींना वार्निश मारून घेतलं होतं. आता सोलापुरात माणूस भाकरीला काहीही लावेल, तेल लावेल, ठेचा लावेल, पण वार्निश लावायला पुण्याचाच माणूस लागतो. उद्घाटनाला बाहेरून आलेले एक मोठे साहेब टोपलीपाशी थांबले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ही भाकरी हातानं मोडून नुसतीच खातात. त्यांनी वरची उचलली, कडकन मोडली आणि तुकडा तोंडात टाकला. मी अगदी जवळ उभी होते. सांगावं की नाही याचा मी नीट विचार केला, आणि नाही सांगितलं. साहेबांनी बराच वेळ चावलं, गिळलं, आणि भाषणात म्हणाले की अशी खमंग धुराची चव हल्लीच्या अन्नात राहिलेली नाही. सल्लागार सगळ्यात आधी टाळ्या वाजवू लागले. साहेबांना पुढं काही झालं नाही असं कळलं. सरकारी पोटं मजबूत असतात.

त्या दिवसापर्यंत मी हसत होते. पुढच्या सोमवारी आप्पा नेहमीच्या वेळी जेवायला गेले, तर अक्काच्या मुलानं त्यांना दारातच थांबवलं. म्हणाला, आता आधी नाव नोंदवून यावं लागतं, आणि मेंबर ही पद्धत बंद केली आहे, मेंबरांमुळं पाहुण्यांना जागा मिळत नाही. आप्पा ज्या ठिकाणी उभं राहून हे ऐकत होते, तिथं त्यांचा स्वतःचा फेटा बांधलेला फोटो होता. ते तसेच परत आले.

अक्का आत होती, पण तिचंही काही चालत नव्हतं. तिला काचेमागं बसवून पाहुण्यांसमोर भाकरी थापायला लावलं होतं. तिचा हात इतका भराभर चालायचा की मोबाइलवर नीट दिसायचा नाही, म्हणून मुलानं सांगितलं, जरा सावकाश थाप. मेंबरांना दारातून परत पाठवलं हे तिला त्याच दुपारी कळलं. तिनं पिठाचे हात तसेच मुलाच्या शर्टाला पुसले आणि कुंभारीला लेकीकडे निघून गेली. मुलानं दुसरी बाई ठेवली.

आप्पांनी मग काय खाल्लं हे मला उशिरा कळलं. सकाळी केळी, दुपारी दुधात बुडवलेली बिस्किटं, संध्याकाळी पुन्हा केळी. एका हॉटेलात चार दिवस जेवून बघितलं, पोट बिघडलं. स्वयंपाक त्यांना चहापलीकडे येत नव्हता, आणि शिकायचं वय नव्हतं. माझ्याकडे यायचे, पेपर वाचायचे, बाराला उठायचे. कुठं जाता विचारलं तर म्हणायचे, जेवायला. एकदा पँटच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक मला दिसलं. मी पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला.

“आप्पा, माझ्याकडं जेवा.”

“नको गं.”

“का नको?”

“बरं न्हाय दिसत.”

“कुणाला? खानावळ गेली, पेठ रंगवून टाकली, शेजारी विमानतळाकडच्या फ्लॅटमध्ये गेले. कोण बघायला बसलंय?”

“मला दिसतंय की,” ते म्हणाले आणि पेपर परत मागितला.

मला त्यांचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही. चौकात परंपरेला निळे दिवे लावून लोक फोटो काढत होते, आणि खरी परंपरा माझ्या बापाला बिस्किटांवर जगवत होती. दोन्हीकडचे शहाणे मला सारखेच वाटायला लागले. म्हातारा हट्टानं मरणार आणि लोक म्हणणार, काय तत्त्वाचा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बसून मी कुंभारीला गेले. अक्का लेकीच्या दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं आधी कानडीत विचारलं, “ऊटा आयता?” जेवण झालं का, हे ती मेलेल्या माणसालाही विचारेल. मी आप्पांचं सांगितलं. रितीचं सांगितलं. ती हसत सुटली.

“मी खाते की पोरीच्या घरी. पोटची हाय. तिच्याकडं न्हाय खायाचं तर काय शेजारणीकडं खायाचं?”

“तुम्ही त्यांना समजवा.”

“म्हाताऱ्याला कोन समजवतंय,” अक्का म्हणाली. “त्याला खानावळ पायजे न्हवं? मग खानावळ काढू की तुज्या घरात.”

आणि काढली. मुलावरचा राग हे तिचं मोठं भांडवल होतं. रोज सकाळी ती कुंभारीहून येई, माझ्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभी राही आणि मला बाहेर काढी. आप्पांबरोबर जुन्या मेंबरांपैकी आणखी एक जण येऊ लागले, हातमागावर आयुष्य गेलेले एक तेलुगू विणकर, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ज्वारी माझी, गॅस माझा, ताटं माझी. पण हात अक्काचा, आणि महिन्याचे पैसे अक्काच्या हातात, म्हणून ही खानावळ. आप्पांनी हे सगळं वकिलासारखं तपासून घेतलं. अट घातली की घराच्या पुढच्या दारानं आत यायचं नाही. ते बाजूच्या फाटकातून, नळापाशी पाय धुऊन, मागच्या व्हरांड्यात येऊन बसत. तिथं ते मेंबर असत. जेवून झालं की त्याच फाटकानं बाहेर पडत, घराला वळसा घालून पुढच्या दारी येत, बेल वाजवत, आणि मी दार उघडलं की आत येऊन पंख्याखाली पेपर वाचत बसत. तिथं ते माझे वडील असत.

“जेवलात का आप्पा?” मी दात आवळून विचारायची.

“आत्ताच जेवून आलो,” ते म्हणायचे.

मास्तर हे बघून मान हलवायचे. माझा नवरा तोंडावर पेपर धरायचा. मला हसू येत नव्हतं, पण पट्टा पुन्हा जुन्या भोकांवर येत होता, म्हणून मी गप्प होते. आपला बाप आपल्या घराला फेरी मारून येतो आणि आपण त्याला दार उघडतो, यापेक्षा मोठा मूर्खपणा मी केलेला नाही.

पावसाळ्यात अक्काला ताप आला. तिच्या लेकीचा सकाळीच फोन आला की आज येणार नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही. परात घेतली आणि थापायला बसले. माझ्या भाकरी अक्काच्या भाकरीच्या नखाचीही सर नसलेल्या, जाड, कडा तडकलेल्या. वांग्यात तिखट थोडं चढलं. आप्पा आणि मास्तर वेळेवर फाटकातून आले, बसले. मी वाढलं. वाढायला एरवीही मीच असायची, त्यामुळे त्यात नवं काही नव्हतं. मास्तरांनी एक घास घेऊन माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली बघून जेवायला लागले. भला माणूस. आप्पा भराभर जेवले.

मास्तर हात धुऊन गेले. आप्पा बसून होते. मला सहज गप्प बसता आलं असतं. उद्या अक्का आली असती, सगळं होतं तसं चाललं असतं. पण फसवून जेवू घालणं मला जमेना. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते असं चोरून मिळवायचं असेल तर मला ते नको होतं.

“अक्का आज आलेली नाही,” मी म्हणाले. “भाकरी मी केल्यात.”

“कळलं की,” ते म्हणाले. “पैल्या घासालाच.”

“मग उठला का नाहीत?”

“भूक लागली हुती.”

एवढंच. ज्या रितीवर मी आयुष्यभर डोकं आपटलं, ती एका वेळच्या भुकेपुढं टिकली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का लावली, हे मी विचारणार होते, तेवढ्यात तेच बोलायला लागले. ताटाकडे बघत बोलत होते.

“तुजी आई लई येळा म्हनायची, एकदा जाऊ पोरीकडं जेवायला. दवाखान्यातनं घरी आनली तवा तर रोज म्हनायची. मीच न्हाय म्हनलं.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई माझ्या घरी यायची, स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडून द्यायची, शेंगा सोलून द्यायची, आणि जेवायच्या वेळी उठून जायची. मला वाटायचं, बापापेक्षा हीच कडक. बाई असून हिला बाईचं दुःख कळत नाही, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं. ती मेथी निवडत राहिली होती.

“हे ती असताना सांगायचं होतंत, आप्पा,” मी म्हणाले.

“व्हय,” ते म्हणाले. मग ताट पुढं केलं. “अर्धी वाढ.”

मी अख्खी वाढली. दुपारी ते वळसा न घालता घरातूनच पुढच्या खोलीत आले आणि पेपर घेऊन बसले. तेव्हापासून रोज माझ्याकडेच जेवतात, भाकरीला नावं ठेवतात आणि दोन खातात. पेठेत याचं कौतुक झालं, मुलीनं बापाला जिंकलं म्हणून. मी कुणालाही जिंकलेलं नाही. आई माझ्या घरातून उपाशी गेली ती गेलीच.